कनिष्ठ मंत्र्याच्या हातात नेमकं असतं तरी काय?

आयर्लंडमधल्या एका नदीकाठच्या गावात राहणाऱ्या मराठी कुटुंबाने विचारलंय: "आमच्या मतदारसंघातला टीडी, म्हणजे इथला आमदार म्हणा किंवा खासदार म्हणा, या सरकारात कनिष्ठ मंत्री झालाय. खातं पुराशी संबंधित नाही. गावात पूरभिंतीचं काम वर्षानुवर्षं रखडलंय. शेजारी म्हणतात, आपला माणूस मंत्री झाला, आता भिंत झालीच समजा. पबमधले म्हातारे म्हणतात, त्याला ड्रायव्हर मिळाला, बाकी काही नाही. हे पद आपल्याकडच्या राज्यमंत्र्यासारखंच का? त्याच्याकडे जाऊन उपयोग होईल का?"

जा, उपयोग होईल. पण शेजारी समजतात त्या कारणाने होणार नाही. पबमधले म्हातारे मात्र निम्मे बरोबर आहेत.

मी डब्लिनमध्ये एका टीडीच्या कार्यालयात सहा वर्षं काढली. त्यानंतर आजतागायत स्वयंसेवी संस्थांसाठी सरकारदरबारी पाठपुरावा करण्याचं काम करते. या काळात कनिष्ठ मंत्र्यांच्या खोल्यांमध्ये मी इतका चहा प्यायलेय की आत शिरल्यावर पाच मिनिटांत कळतं, या माणसाच्या टेबलावर फाइल येते की फक्त आमंत्रणपत्रिका येतात.

आपल्या राज्यमंत्र्याशी तुलना तुम्ही केलीच आहे, तर फरक तिथूनच सांगते. आपल्याकडे राज्यमंत्री हा मंत्रिमंडळाचा घटक असतो. कॅबिनेटच्या बैठकीला बसत नसला तरी घटनेच्या दृष्टीने तो मंत्रीच. म्हणून तर ९१ व्या घटनादुरुस्तीने घातलेल्या पंधरा टक्क्यांच्या मर्यादेत त्याचीही मोजणी होते आणि २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात सगळे मिळून ४३ च्या वर जाता येत नाही. आयर्लंडमध्ये 'सरकार' या शब्दाचा अर्थ फार अरुंद आहे. राज्यघटनेच्या २८ व्या कलमानुसार सरकारात कमीत कमी सात आणि जास्तीत जास्त पंधरा सदस्य असतात. पंतप्रधान (इथे त्याला टीशॉक म्हणतात, स्पेलिंगवर जाऊ नका) त्या पंधरातच आला. कनिष्ठ मंत्री, ज्याचं अधिकृत नाव 'मिनिस्टर ऑफ स्टेट', तो या पंधरांत बसत नाही. घटनेच्या भाषेत तो सरकारचा सदस्यच नाही. राष्ट्राध्यक्षांकडून त्याला मोहोर मिळत नाही. टीशॉक नाव सुचवतो आणि सरकार नेमणूक करतं.

हे पद आलं १९७७ च्या कायद्याने, १९७८ च्या सुरुवातीपासून. त्याआधी 'पार्लमेंटरी सेक्रेटरी' असायचे, आपल्या संसदीय सचिवांच्या जवळपास जाणारे, आणि तेही सातच. नव्या कायद्याने दहा कनिष्ठ मंत्री दिले. १९८० मध्ये पंधरा झाले, १९९५ मध्ये सतरा, २००७ मध्ये वीस. २००९ मध्ये आर्थिक संकटाने देश कंबरेत मोडला, तेव्हा टीशॉक असलेल्या ब्रायन कोवेन यांनी सगळ्या वीस जणांचे राजीनामे घेतले आणि संख्या पंधरावर आणली. गाशा गुंडाळायला लागलेल्यांपैकी काहींचा राग पुढे कित्येक महिने वर्तमानपत्रांतून वाहत होता. मग आकडा पुन्हा वर चढू लागला. २०२० च्या सरकारात वीस होते आणि २०२५ मध्ये कायदा बदलून तेवीस झाले.

घटनेने पंधराची मर्यादा घातली ती मोठ्या मंत्र्यांना. ती बदलायची तर सार्वमत घ्यावं लागेल, आणि 'आम्हाला आणखी मंत्री हवेत' म्हणून सार्वमत मागायला कोण जाईल? कनिष्ठ मंत्र्यांची संख्या मात्र साध्या कायद्याने वाढते. त्यामुळे आघाडीचं गणित जिथे अडतं तिथे ते याच बाजूला फुगतं. आजचा हिशेब बघा. डॉलमध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, १७४ टीडी. जानेवारी २०२५ मध्ये मीहॉल मार्टिन टीशॉक झाले ते ९५ मतांनी. त्या ९५ मागे पंधरा मंत्री आणि तेवीस कनिष्ठ मंत्री, एकूण ३८. म्हणजे सत्ताधारी बाकावरच्या दर पाचांतले दोघे कुठल्या ना कुठल्या अर्थाने मंत्री. आपल्या पंधरा टक्क्यांचा नियम इथे लावला असता तर सगळे मिळून २६ वर थांबावं लागलं असतं.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत फिआना फॉलला ४८ आणि फिना गेलला ३८ जागा मिळाल्या. दोघांचे मिळून ८६, बहुमताला ८८. दोनच कमी. ती कमी अपक्षांनी भरून काढली, पण अपक्ष फुकट येत नसतात, हे महाराष्ट्रात राहिलेल्या माणसाला मी काय सांगू! पंधराच्या पंधरा खुर्च्या दोन मोठ्या पक्षांनी आपसांत वाटून घेतल्या आणि अपक्षांची सोय कनिष्ठ मंत्रिपदांतून केली. नोएल ग्रीलिश, शॉन कॅनी, केविन 'बॉक्सर' मोरन, मेरियन हार्किन आणि केरीचे मायकल हीली-रे. हीली-रे घराण्याची केरीत जी पकड आहे ती समजून घ्यायला सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला अजिबात वेळ लागत नाही.

यातल्या दोन नावांची जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. २०१६ मध्ये एन्डा केनी यांच्या अल्पमतातल्या सरकारला अपक्षांच्या एका गटाने पाठिंबा दिला. गटाच्या वाट्याला 'ऑफिस ऑफ पब्लिक वर्क्स'चं, म्हणजे पूर आणि सरकारी इमारती बघणाऱ्या कार्यालयाचं, कनिष्ठ मंत्रिपद आलं आणि इच्छुक दोघे: कॅनी आणि मोरन. दोघांपैकी कुणीही मागे हटेना. शेवटी नाणं उडवलं. कॅनी जिंकले. ठरलं असं की आधी एक वर्ष कॅनींनी बसायचं, मग मोरन यांनी. २०१७ मध्ये खरोखरच खुर्ची बदलली. एका लोकशाही देशाच्या पूरनियंत्रणाची जबाबदारी छापा की काटा यावर ठरली, याची मला पहिली काही वर्षं गंमत वाटायची. पुढे कळलं की उरलेली पदंही फारशा वेगळ्या निकषांवर दिली जात नाहीत. नाण्याच्या जागी फक्त नकाशा असतो. कोर्कला दोन मिळाले तर डोनेगलला एक हवं. मागच्या वेळी पश्चिम किनारा कोरडा राहिला तर या वेळी गॉलवे. एखाद्याला मोठं मंत्रिपद देता आलं नाही म्हणून सांत्वनाला हे पद. २०२० मध्ये फिआना फॉलचे जिम ओ'कॅलहन यांना न्याय खात्यातलं कनिष्ठ मंत्रिपद देऊ केलं, तेव्हा त्यांनी सरळ नको म्हटलं. तेव्हा लोक हसले. २०२५ मध्ये ते त्याच खात्याचे पूर्ण मंत्री झाले.

म्हणजे तुमच्या टीडीला हे पद मिळालं ते बहुधा तो कुठून निवडून आला आणि कुणाच्या बाजूने उभा राहिला यावरून. त्यात गैर काही नाही. आघाड्या अशाच बांधल्या जातात. पण पद मिळालं म्हणजे अधिकार मिळाला असं होत नाही. अधिकार एका वेगळ्या कागदाने येतो, आणि माझ्या मते सगळा खेळ त्या कागदाचा आहे.

त्याला म्हणतात 'डेलिगेशन ऑफ मिनिस्टीरियल फंक्शन्स ऑर्डर'. मराठीत अधिकार-सुपूर्ती आदेश म्हणू. १९७७ च्या कायद्यात याची तरतूद आहे. मोठा मंत्री सरकारला विनंती करतो की माझ्या अमुक कायद्याखालच्या तमुक कलमांचे अधिकार माझ्या कनिष्ठ मंत्र्याला द्या, आणि सरकार तसा आदेश काढतं. दिसायला अगदी रुक्ष, बऱ्याचदा एक-दोन पानांचा कागद. वर खात्याचं नाव, मध्ये कनिष्ठ मंत्र्याचं नाव, खाली कायद्यांची आणि कलमांची यादी. मी नव्या मंत्र्याला भेटायला जाण्याआधी ती यादी बघतेच. 'या कायद्याखालचे सर्व अधिकार' असं लिहिलेलं आहे, की 'कलम इतके, पोटकलम इतके' असं चिमटीने मोजून दिलंय, यावरून त्या दोघांमधले संबंध कळतात. लग्नाच्या याद्या करताना पाहुण्यांची बडदास्त कशी ठेवणार हे जसं आधीच कळतं, तसं.

त्यातही मेख आहे. अधिकार दिले तरी मोठ्या मंत्र्याची सर्वसाधारण देखरेख आणि नियंत्रण कायम राहतं. दिलेला अधिकार तो स्वतःही वापरू शकतो. डॉलला जबाबदार तोच राहतो. आणि आदेश निघेपर्यंत कनिष्ठ मंत्री नेमका काय करतो? भाषणं देतो, फिती कापतो, संध्याकाळी उशिरा जवळजवळ रिकाम्या सभागृहात खात्याने लिहून दिलेलं उत्तर वाचतो. टीडींनी आपल्या भागातले प्रश्न मांडायचे 'टॉपिकल इश्यू' नावाचं एक सत्र असतं. एखादी बाई आपल्या गावातल्या बंद पडलेल्या दवाखान्यावर पोटतिडकीने बोलते, आणि उत्तराला उभा राहतो भलत्याच खात्याचा कनिष्ठ मंत्री, कारण तो त्या दिवशी इमारतीत सापडला. 'मंत्र्यांच्या वतीने मी सांगू इच्छितो' अशी सुरुवात झाली की गॅलरीत बसलेले आम्ही वह्या मिटायचो.

एक अनुभव. कुणाचा ते लिहीत नाही. एका संस्थेच्या कामासाठी आम्ही एका कनिष्ठ मंत्र्याला भेटलो. माणूस भला होता, त्याने विषय खरोखर वाचला होता. पाऊण तासात आमचे तिन्ही मुद्दे मान्य केले, सचिवाला टिपून घ्यायला सांगितलं, दारापर्यंत सोडायला आला. आम्ही बाहेर पडून एकमेकींना टाळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी पत्र आलं, तेही मोठ्या मंत्र्याच्या खाजगी सचिवाचं: तुमच्या मुद्द्यांची नोंद घेतली आहे. बस. नंतर लक्षात आलं की ज्या निधीबद्दल आम्ही बोलत होतो तोच त्या माणसाच्या कक्षेत नव्हता. त्याने खोटं आश्वासन दिलं नव्हतं. त्याला वाटत होतं की त्याच्याकडे आहे. चूक आमची, आदेश न वाचता गेलो.

आता आघाडीचा भाग, कारण खरी ठिणगी तिथे पडते. एका खात्याचा मोठा मंत्री एका पक्षाचा असेल तर कनिष्ठ मंत्री दुसऱ्या पक्षाचा नेमायचा, ही जवळजवळ प्रत्येक आघाडीची रीत आहे. जोडीदार खात्यात काय करतोय यावर डोळा राहावा म्हणून. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात त्या कनिष्ठ मंत्र्याची अवस्था सासरी पाठवलेल्या हेरासारखी होते: घरात वावर आहे, किल्ल्या नाहीत.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे रोशीन शॉर्टल. २०११ मध्ये फिना गेल आणि लेबर यांचं सरकार आलं. आरोग्यमंत्री फिना गेलचे जेम्स रायली, आणि प्राथमिक आरोग्यसेवेची जबाबदारी असलेल्या कनिष्ठ मंत्री लेबरच्या शॉर्टल. नवी प्राथमिक आरोग्य केंद्रं कुठे बांधायची याची प्राधान्ययादी करायची होती. त्यांचा आग्रह होता की गरीब, वंचित वस्त्या आधी. वीस ठिकाणांची यादी होती. २०१२ च्या उन्हाळ्यात ती जाहीर झाली तेव्हा पस्तीसची झालेली. वाढलेल्या नावांत बाल्ब्रिगन आणि सोर्ड्स ही दोन होती, आणि ही दोन्ही गावं रायलींच्या स्वतःच्या मतदारसंघातली, उत्तर डब्लिनमधली. रायलींचं म्हणणं होतं की निकषांवर बसली म्हणून आली. शॉर्टल यांचं म्हणणं, कुठल्या निकषांवर ते दाखवा.

सप्टेंबरमध्ये विरोधकांनी रायलींवर अविश्वासाचा ठराव आणला. आघाडीचा धर्म म्हणून शॉर्टल यांनी त्यांच्या बाजूने मत दिलं, पण चर्चेत बोलताना त्यांचं नावसुद्धा घेतलं नाही. सभागृहात मौनाचा इतका मोठा आवाज मी नंतर फारसा ऐकला नाही. आणि काही दिवसांनी, २६ सप्टेंबर २०१२ ला, त्यांनी राजीनामा दिला. कनिष्ठ मंत्रिपदही सोडलं आणि लेबरचा पक्षादेशही, म्हणजे संसदीय पक्षातली जागाही. त्यांच्याच पक्षाचे नेते, उपपंतप्रधान इमन गिलमोर, त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाहीत. ही गोष्ट सांगताना बहुतेक जण रायलींवर थांबतात. मला मात्र गिलमोर जास्त महत्त्वाचे वाटतात. दुसऱ्या पक्षाच्या मंत्र्याच्या खात्यात बसलेल्या कनिष्ठ मंत्र्याची ताकद म्हणजे त्याचा नेता त्याच्यासाठी टीशॉकच्या दारात जाऊन बसेल की नाही, एवढीच. नेत्याने सरकार टिकवणं जास्त मोलाचं मानलं की आदेश, यादी, निकष सगळं हवेत. शॉर्टल पुढे २०१५ मध्ये सोशल डेमोक्रॅट्स हा पक्ष काढणाऱ्या तिघांपैकी एक झाल्या. २०२४ च्या निवडणुकीत त्या पक्षाला अकरा जागा मिळाल्या, लेबरला मिळाल्या तितक्याच.

खुर्चीचा मालक कोण, हे कुणाला काढलं आणि कुणाला ठेवलं यावरून कळतं. २०१३ मध्ये युरोपीय व्यवहारांच्या कनिष्ठ मंत्री लुसिंडा क्रायटन यांनी गर्भपातविषयक विधेयकाला विरोधात मत दिलं. त्या टीशॉकच्याच पक्षाच्या, फिना गेलच्या. पद गेलं, पक्षादेशही गेला. २०२० च्या जुलैमध्ये ग्रीन पक्षाचे जो ओ'ब्रायन हे कनिष्ठ मंत्री भाडेकरूंविषयीच्या एका विधेयकावर मतदानाला तटस्थ राहिले. तीन पक्षांचं ते सरकार स्थापन होऊन महिना उलटत होता. शिक्षा काय? ग्रीन पक्षाने दोन महिने सभागृहात बोलायची वेळ काढून घेतली. मंत्रिपद शाबूत. त्यांना काढायचं तर टीशॉकला तिसऱ्या पक्षाच्या घरात हात घालावा लागला असता, आणि तीन पायांच्या शेगडीचा एक पाय कोण हलवणार? कायद्यात लिहिलंय सरकार नेमतं, सरकार काढतं. व्यवहारात त्या त्या पक्षाचा नेता.

या सगळ्यात 'सुपर ज्युनियर' नावाचा एक प्राणी आहे. नाव ऐकून हसू येतं, पण पदावरून २०२५ मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. मूळ १९९४ चं. जॉन ब्रुटन यांची इंद्रधनुषी आघाडी: फिना गेल, लेबर आणि डेमोक्रॅटिक लेफ्ट. शेवटच्या पक्षाचे सहाच टीडी. एक मंत्रिपद त्यांचे नेते प्रॉइन्शस डी रोसा यांना मिळालं आणि पंधरा खुर्च्या संपल्या. पण त्यांना कॅबिनेटच्या खोलीत दुसरा माणूस हवा होता. म्हणून पॅट रॅबिट यांना कनिष्ठ मंत्री करून बैठकीला बसायची मुभा दिली: बसा, बोला, मत नाही. त्यानंतर ही पळवाट प्रत्येक सरकारला गोड लागली. १९९७ मध्ये प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्सचे बॉबी मलॉय, २०११ मध्ये लेबरचे विली पेनरोज. पेनरोज यांनी काही महिन्यांतच, मलिंगारची लष्करी छावणी बंद करायच्या निर्णयावरून, राजीनामा दिला. २०२० मध्ये ग्रीन पक्षाच्या पिपा हॅकेट, ज्या टीडी नसून वरिष्ठ सभागृहाच्या सदस्य होत्या. तेव्हा तिसऱ्या सुपर ज्युनियरलाही १६,२८८ युरोंचा जादा भत्ता मिळावा म्हणून कायदा केला, आणि कोविडने लोकांचे रोजगार गेलेले असताना हे सुचलं म्हणून सरकारच्या अंगावर इतका चिखल उडाला की विचारू नका. २०२५ च्या सुरुवातीला असे चार होते: ग्रीलिश, कॅनी, फिना गेलच्या हिल्डगार्ड नॉटन आणि मुख्य प्रतोद मेरी बटलर.

न्यायालयात गेलेले दोघे विरोधी टीडी, शिन फेनचे पा डेली आणि पीपल बिफोर प्रॉफिटचे पॉल मर्फी. म्हणणं साधं: घटना म्हणते सरकार पंधराचं आणि ते एकत्र बसून सामूहिक निर्णय घेतं, मग खोलीत एकोणीस जण कसे? सरकारची बाजू अशी की निर्णय पंधराच घेतात, महाधिवक्ताही बैठकीला असतोच की. माझं वैयक्तिक मत विचाराल तर 'त्यांना मत नसतं' हा युक्तिवाद मला कधी पटला नाही. आयरिश कॅबिनेटमध्ये हात वर करून मोजणी क्वचितच होते. चर्चेतून कल ठरतो, टीशॉक तो बोलून दाखवतो. जिथे मोजणीच होत नाही तिथे बोलणाऱ्याला मत आहे की नाही याने काय फरक पडतो? पण मी वकील नाही.

तुमच्यासाठी यातली कामाची गोष्ट एवढीच: तुमचा टीडी साधा कनिष्ठ मंत्री असेल तर मंगळवारच्या कॅबिनेट बैठकीला तो नसतो. तिथे जाणारं टिपण त्याच्या मोठ्या मंत्र्याच्या नावाने जातं.

जाता जाता, लिओ वराडकरांमुळे आपल्याकडे आयरिश राजकारणाची ओळख झाली. त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये ते तिथे येऊनही गेले. तेव्हापासून गावाकडून मला फोन येतात, 'आपला माणूस तिथे पंतप्रधान होता, कुणाला सांगून काम होईल का?' त्यांनी एप्रिल २०२४ मध्ये पद सोडलंय, आणि ते असतानाही झालं नसतं.

तर तुमची भिंत.

पूरनियंत्रणाचा पैसा आणि अभियंते 'ऑफिस ऑफ पब्लिक वर्क्स'कडे आहेत. कनिष्ठ मंत्रिपदांत हे सगळ्यात भरीव पद, कारण इथे खरोखर कामं आहेत: सरकारी इमारती, किल्ले, उद्यानं आणि पूर. (लेन्स्टर हाऊसच्या, म्हणजे संसद भवनाच्या, आवारातली तीन लाख छत्तीस हजार युरोंची सायकल शेडही यांचीच. २०२४ मध्ये त्यावरून झालेली शोभा तुम्ही वाचली असेल.) आज तिथे तेच बॉक्सर मोरन बसलेत ज्यांनी एकेकाळी नाणेफेक हरली होती. अ‍ॅथलोनचे. २०१५-१६ च्या हिवाळ्यात शॅनन नदी गावात शिरली तेव्हा हा माणूस कमरेइतक्या पाण्यात वाळूच्या गोण्या रचताना लोकांनी पाहिलाय. २०१८ मध्ये याच खात्यात असताना त्यांनी देशभरच्या २९ पूरव्यवस्थापन आराखड्यांचं प्रकाशन केलं, ज्यात ११८ नव्या योजना होत्या. तुमच्या गावाचं नाव त्या ११८ मध्ये आहे का, हे पहिल्यांदा बघा. नसेल तर मंत्र्याकडे जाण्याआधी काउंटी कौन्सिलकडे जायला हवं, कारण लहान पूरकामांसाठी वेगळी योजना आहे. तिथे अर्ज कौन्सिल करते आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कामाचा नव्वद टक्के खर्च पब्लिक वर्क्स देतं. कित्येक गावं चुकीच्या दारात वर्षं घालवतात.

नाव असेल तर योजना कोणत्या टप्प्यावर अडलीय ते विचारा: आराखडा, पर्यावरण तपासणी, की मंजुरी. १९४५ च्या ड्रेनेज कायद्याखालची योजना असेल तर शेवटची मंजुरी सार्वजनिक खर्चाच्या मोठ्या मंत्र्याची लागते. बघा, इथेही सही वरचीच. मोरन यांच्या हातात काय आहे? वेग. कुठली फाइल अभियंत्याच्या टेबलावर सहा महिने पडून आहे हे विचारणारा माणूस ते आहेत, आणि ते विचारल्यावर फाइल हलते.

आणि तुमच्या टीडीचा उपयोग नेमका इथे. तो पूरखात्यात नसला तरी त्याच्या खाजगी सचिवाने मोरन यांच्या खाजगी सचिवाला केलेला फोन तुमच्या दहा पत्रांच्या आधी उचलला जातो. मंत्री एकमेकांची मतदारसंघातली कामं करतात. उद्या मोरन यांना याच्या खात्यात काम पडेल. हा हिशेब कुठल्याही आदेशात लिहिलेला नसतो. पण तो टीडी पुढच्या निवडणुकीत उभा राहणार आहे, आणि इथल्या एकल संक्रमणीय मतपद्धतीत त्याचा सगळ्यात जवळचा धोका म्हणजे त्याच्याच पक्षाचा, त्याच मतदारसंघातला दुसरा उमेदवार. त्यामुळे तुमची भिंत त्याच्यासाठी खात्याच्या कामापेक्षा महत्त्वाची असू शकते. कित्येक कनिष्ठ मंत्र्यांची शुक्रवार-शनिवारची डायरी मी पाहिलीय. त्यात खातं औषधालाही नसतं.

म्हणून डब्लिनच्या मंत्रालयात वेळ मागू नका. मतदारसंघातल्या त्याच्या 'क्लिनिक'ला जा, बहुधा शनिवारी असतं, दुकानाच्या वरच्या खोलीत किंवा हॉटेलच्या कोपऱ्यात. घरगुती कामासाठी नागरिक म्हणून जाताय, त्यामुळे लॉबिंगच्या नोंदणीची भानगड नाही. ती २०१५ च्या कायद्याने आमच्यासारख्यांना आहे. तीनच गोष्टी न्या: योजनेचं अधिकृत नाव, घरांचे एअरकोड (इथले पिनकोड), आणि पाणी कुठवर आलं होतं त्या खुणेचा फोटो, शक्यतो दाराच्या चौकटीवरचा. 'भिंत बांधा' असं म्हणू नका. 'ही योजना सध्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि पुढचा टप्पा कोणत्या तारखेला, हे पब्लिक वर्क्सकडून लेखी मागवा' असं म्हणा. सचिव तिथल्या तिथे नोंद करून संदर्भ क्रमांक देईल. तो वहीत लिहून घ्या. उत्तराला चार आठवडे द्या. आलं नाही तर तोच क्रमांक घेऊन पुन्हा त्याच क्लिनिकला, रांगेत पहिल्या.